१२० मीटरवरची सही : मोरिस फार्ग यांच्या अखेरच्या बुडीचा प्रकरण अभ्यास

१७ सप्टेंबर १९४७ रोजी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तुलाँ या नौदल तळाजवळच्या समुद्रात मोरिस फार्ग हे चौतीस वर्षांचे पाणबुडे साध्या दाबलेल्या हवेचा साठा पाठीवर घेऊन एका खुणेच्या दोरालगत खाली उतरले. त्यांच्या कमरेला आणखी एक दोर बांधलेला होता, त्याचे टोक वर डेकवरच्या सहकाऱ्यांच्या हातात होते आणि प्रसंग ओढवलाच तर तत्काळ पाण्यात उतरता यावे म्हणून जाँ पिनार हे पाणबुडे संपूर्ण साहित्य अंगावर चढवून सज्ज होते. वरून दोराला ठरावीक वेळाने हिसका दिला जाई आणि फार्ग खालून ‘सर्व ठीक’ असे उत्तर देत. काही काळाने हे उत्तर येणे बंद झाले. पिनार यांनी लगेच बुडी घेतली, डेकवरच्यांनी दोर ओढायला सुरुवात केली आणि सुमारे ४५ मीटर खोलीवर दोघांची गाठ पडली, तेव्हा फार्ग निश्चेष्ट होते आणि त्यांचे माउथपीस तोंडात नसून छातीवर लोंबत होते. बारा तास प्रयत्न करूनही ते शुद्धीवर आले नाहीत. नंतर खुणेचा दोर वर काढला, तेव्हा १२० मीटरच्या पाटीवर त्यांची सही आढळली.

अ‍ॅक्वालंग (पाठीवरच्या सिलिंडरमधून श्वासाच्या मागणीनुसार हवा देणारे साधन) वापरताना मृत्यू आलेले पहिले पाणबुडे म्हणून फार्ग यांचा उल्लेख केला जातो. अभ्यासासाठी हे प्रकरण निवडण्याचे कारण मात्र वेगळे आहे. खोल बुडीतील बहुतेक अपघातांमध्ये काही ना काही ढिलाई सापडते: कोणी एकटा गेलेला असतो, कोणाचा साठा अपुरा असतो, कोणाचे प्रशिक्षण अर्धवट असते. येथे पाणबुडे अनुभवी होते, गट त्या काळातील जगातला सर्वांत जाणकार गट होता, दोर होता, इशारे ठरलेले होते, राखीव माणूस होता आणि इशारा थांबताच प्रत्येकाने ठरल्याप्रमाणे हालचाल केली. तरीही माणूस गेला. दोष माणसांत किंवा दोरात नव्हता, तो सिलिंडरमध्ये होता, असे माझे मत आहे आणि पुढील विवेचन त्याच अनुषंगाने केले आहे.

गट आणि त्याची आधीची वाटचाल

जाक-इव्ह कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये श्वासाच्या मागणीनुसार हवा सोडणारा रेग्युलेटर सिद्ध केला आणि पाणबुड्याची पृष्ठभागावरील पंपाशी बांधलेली गाठ सुटली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मार्सेयजवळ फ्रेदेरिक द्यूमा यांनी गाठी मारलेल्या दोरावरून खोलीची चाचणी दिली. हवा घेऊन किती खोल जाता येते ते पाहणे हा उद्देश होता. खाली गेल्यावर त्यांना एक विलक्षण सुखद गुंगी आली, पुढे जाण्याची शुद्ध राहिली नाही, तेव्हा त्यांनी आपला पट्टा दोराला बांधून ठेवला आणि ते वर आले. आपण जेमतेम तीस मीटर गेलो असू अशी त्यांची समजूत होती. दोर मोजला तेव्हा पट्टा सुमारे ६२ मीटरवर बांधलेला निघाला. स्वतःच्या खोलीचा अंदाज निम्म्याने चुकणे आणि चुकल्याची जाणीवही नसणे, हे खोल हवेवरील बुडीचे मूळ लक्षण या पहिल्याच चाचणीत नोंदले गेले होते.

१९४५ मध्ये फ्रेंच नौदलाने तुलाँ येथे पाण्याखालील संशोधनाचा गट स्थापन केला, त्यात फिलिप ताये, कुस्तो आणि द्यूमा यांच्यासोबत फार्ग होते. १९४७ च्या उन्हाळ्यात ‘एली मोनिये’ या त्यांच्या जहाजावरून खोलीच्या चाचण्या पद्धतशीरपणे सुरू झाल्या. खाली सोडलेल्या दोराला दर पाच मीटरवर पांढऱ्या पाट्या बांधलेल्या असत. पाणबुड्याने हातात लोखंडाचा जड तुकडा घेऊन त्या वजनाने वेगात उतरायचे, म्हणजे पोहण्याचे श्रम आणि हवा दोन्ही वाचतात. जमेल तितक्या खोल पाटीवर न पुसणाऱ्या पेन्सिलने सही करायची, जागा उरल्यास काय वाटते ते एका ओळीत लिहायचे, वजन सोडून द्यायचे आणि दोर धरून वर यायचे, अशी ही पद्धत होती. शरीरात विरघळलेला वायू सावकाश बाहेर पडावा म्हणून वर येताना सहा आणि तीन मीटरवर थोडा थोडा वेळ थांबत. या उन्हाळ्यात गटाने ९० मीटरची मजल गाठली आणि शरद ऋतूत त्यापलीकडे जाण्याचे ठरले. कमरेचा दोर आणि डेकवरचा राखीव पाणबुड्या ही वाढीव खबरदारी त्याच टप्प्यासाठी घेतली होती.

पाटीवरील सहीची पद्धत कल्पक होती, यात शंका नाही. खोली मोजण्याचे विश्वसनीय साधन मनगटावर नसताना तिच्यामुळे खोलीचा निर्विवाद पुरावा मिळत असे आणि अक्षरावरून मेंदूच्या अवस्थेचाही काहीसा अंदाज येई. परंतु सही करता आली म्हणजे त्या खोलीवर माणूस सुरक्षित आहे, असा समज त्या पद्धतीतच नकळत दडलेला होता.

व्होक्लूझचा दोर

फार्ग यांच्या मृत्यूआधीची एक घटना येथे सांगणे आवश्यक आहे, कारण दोर काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, हे तिच्यातून दिसते. २७ ऑगस्ट १९४६ रोजी याच गटाने दक्षिण फ्रान्समधील फोंतेन द व्होक्लूझ या खोल झऱ्याच्या विवरात बुडी घेतली. कुस्तो आणि द्यूमा आत गेले आणि बाहेर मार्गदर्शक दोर फार्ग यांच्या हातात होता. आत गेल्यावर दोघांनाही अनपेक्षितपणे जबरदस्त गुंगी आली. द्यूमा हालचाल करण्याच्या स्थितीत राहिले नाहीत आणि कुस्तो त्यांना घेऊन दोराच्या आधाराने वर चढू लागले. चढताना दोरावर येणारा ताण फार्ग यांना ‘आणखी दोर सोडा’ या इशाऱ्यासारखा भासला. त्यामुळे कुस्तो जितके वर ओढत तितका दोर खाली येत राहिला. ओढून घेण्याचा ठरलेला इशारा दिला गेला, तोही खडकाला घासून अडकलेल्या दोरातून वरपर्यंत नीट पोहोचला नाही. फार्ग यांच्या हाताला जेमतेम थरथर जाणवली. इशारा स्पष्ट नसतानाही त्यांनी त्या थरथरीवरून निर्णय घेतला आणि दोघांना खेचून बाहेर काढले. पुढे तपासात आढळले की कॉम्प्रेसरने आपल्याच इंजिनाचा धूर आत ओढला होता आणि सिलिंडरमधील हवेत कार्बन मोनॉक्साइड मिसळला होता.

या घटनेचा बोध गटाने कॉम्प्रेसरपुरता घेतला आणि तो योग्यही होता. तिच्यातील दुसरी बाब अशी की दोर फक्त हाताची हालचाल वर पोहोचवतो. ती हालचाल कोणत्या मनःस्थितीतून आली, हे वरच्या माणसाला अनुभव आणि अंतःप्रेरणा यांवरूनच ठरवावे लागते. फार्ग यांच्याकडे ती अंतःप्रेरणा होती. तेरा महिन्यांनी ते स्वतः दोराच्या खालच्या टोकाला होते आणि त्या दिवशी वरच्यांना थरथरसुद्धा मिळाली नाही. आधीचा प्रत्येक हिसका ‘सर्व ठीक’ असाच होता.

वेळेचा हिशेबही मांडून पाहण्यासारखा आहे. सेकंदाला एक मीटर या अतिशय जलद गतीने ओढले, तरी १२० मीटरवरून माणूस वर यायला दोन मिनिटे लागतात. दोन इशाऱ्यांमधील अंतर, उत्तर न आल्यामुळे होणारी घालमेल आणि दोराचा ढिलावा आवळण्याचा वेळ त्यात धरलेला नाही. माउथपीस निसटलेल्या बेशुद्ध माणसाच्या फुप्फुसात पाणी जायला एवढा अवधी लागत नाही. म्हणजे ही सर्व तयारी अपघातग्रस्ताला परत आणण्याची होती. त्याला जिवंत परत आणण्याची क्षमता तिच्यात नव्हती, आणि कितीही तत्परता दाखवली असती तरी ती आली नसती.

त्या खोलीवर हवेचे काय होते

समुद्रात दर दहा मीटरला सुमारे एक बार दाब वाढतो. पृष्ठभागावरील हवेचा एक बार धरून १२० मीटरवर एकूण दाब १३ बार होतो. अशा ठिकाणी सिलिंडरमधून येणारी हवा रासायनिकदृष्ट्या तीच असते, पण तिच्यातील प्रत्येक घटक तेरापट प्रभावाने शरीरावर काम करतो.

नायट्रोजनचा आंशिक दाब, म्हणजे एकूण दाबातील त्याचा एकट्याचा वाटा, १० बारच्या पुढे जातो. दाबाखालील हवेमुळे येणाऱ्या गुंगीचे कारण नायट्रोजन आहे, हे अमेरिकी नौदलाचे डॉक्टर आल्बर्ट बेंकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्येच मांडले होते. तीस मीटरच्या आसपास तिची चाहूल लागते, साठ मीटरला निर्णयशक्ती उघडपणे मंदावते आणि त्यापुढे माणूस ठरलेले सोपे काम यंत्रवत करतो, पण अनपेक्षित प्रसंग आला की त्याला काही सुचत नाही. फार्ग यांच्या गटाने मृत्यूचे कारण हेच मानले: गुंगीत त्यांनी माउथपीस तोंडातून सोडले. हे शक्य आहे, अशा वागणुकीची वर्णने इतरत्रही आहेत.

परंतु याच हवेतील ऑक्सिजनचा आंशिक दाब त्या वेळी सुमारे २.७ बार होता. शुद्ध ऑक्सिजन घेऊन सतरा मीटर खोल जाण्याइतकेच हे झाले. ऑक्सिजन दाबाखाली विषारी ठरतो, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्ये दाखवून दिले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाचे डॉक्टर केनेथ डोनाल्ड यांनी पाणबुड्यांवर शेकडो चाचण्या घेतल्या आणि त्यांचे निष्कर्ष १९४७ च्या मे महिन्यात, म्हणजे फार्ग यांच्या बुडीआधी अवघे चार महिने, ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. त्यांतील सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष सहनशक्तीच्या चंचलपणाचा आहे. एकाच पाणबुड्याने शुद्ध ऑक्सिजनवर २१ मीटर खोलीवर वेगवेगळ्या दिवशी वीस बुड्या घेतल्या, तेव्हा लक्षणे दिसेपर्यंतचा वेळ एका दिवशी ७ मिनिटे होता, तर दुसऱ्या दिवशी १४८ मिनिटे. माणूस तोच, खोली तीच, साहित्य तेच. काल काही झाले नाही, यावरून आजचे काहीही सांगता येत नाही, हे याहून स्पष्ट कसे दिसावे? आणि हा झटका पूर्वसूचना देईलच असे नाही. आधी ओठ फुरफुरणे, दृष्टी आकसणे, मळमळ अशी लक्षणे येऊ शकतात, पण अनेकदा थेट अपस्मारासारखे आचके येतात, जबडा घट्ट होतो आणि मग सैल पडतो आणि माउथपीस निसटते. फार्ग यांच्या छातीवर लोंबणारे माउथपीस या कारणाशीही तितकेच जुळते.

तिसरा घटक श्वासातूनच तयार होतो. साध्या दाबाला एक लिटर हवेचे वजन सुमारे १.३ ग्रॅम असते. १२० मीटरवर ते १७ ग्रॅमच्या घरात जाते. इतका दाट वायू श्वासनलिकांमधून आत-बाहेर खेळवणे हेच श्रम होऊन बसतात. माणूस जास्तीत जास्त किती हवा श्वासावाटे फिरवू शकतो, ती क्षमता हवेवर तीस मीटरलाच जवळजवळ निम्मी होते आणि १२० मीटरवर ती अंदाजे एक-चतुर्थांश उरते. शरीरात तयार होणारा कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकला जात नाही, तो रक्तात साचतो. साचलेला कार्बन डायऑक्साइड स्वतः गुंगी आणणारा आहे, शिवाय तो मेंदूकडचा रक्तप्रवाह वाढवतो आणि त्यामुळे मेंदूला पोहोचणारा ऑक्सिजनही वाढून आचक्यांचा धोका जवळ येतो. दम लागलेला पाणबुडा जोराने श्वास घेऊ पाहतो, त्या प्रयत्नाने आणखी कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि हे चक्र खाली असेपर्यंत तुटत नाही. आज न्यूझीलंडचे सायमन मिशेल आणि ब्रिटनचे गॅव्हिन अँथनी यांच्या मांडणीमुळे वायूची घनता शक्यतो लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत ठेवावी आणि ६.२ ग्रॅम ही कमाल मर्यादा मानावी, असे तांत्रिक पाणबुड्यांमध्ये सर्वमान्य होत आले आहे. हवेपुरते बोलायचे तर पहिली मर्यादा तीस मीटरच्या जरा पुढे आणि दुसरी चाळीस मीटरच्या अलीकडेच संपते. फार्ग दुसऱ्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट घनतेचा वायू श्वासात घेत होते, तोही सुरुवातीच्या पिढीतल्या दोन नळ्यांच्या रेग्युलेटरमधून.

या तिघांपैकी नेमके कोणी घात केला, हे उपलब्ध माहितीवरून वेगळे काढता येत नाही आणि तसा अट्टहास करण्याचे कारणही नाही, कारण तिन्ही परिणाम एकाच वेळी, एकमेकांना बळ देत चाललेले होते. महत्त्वाचे हे की दोष एकट्या नायट्रोजनवर टाकल्यामुळे पुढच्या पिढ्यांची दिशाभूल झाली. गुंगी ही मनावर ताबा ठेवून जिंकता येण्यासारखी वाटते. खंबीर माणूस टिकेल, कच्चा माणूस जाईल, असे तिच्याबद्दल वाटू शकते. आचके आणि साचणारा कार्बन डायऑक्साइड यांच्यापुढे खंबीरपणाला काही अर्थ नाही.

नंतरची पन्नास वर्षे

फार्ग यांच्या मृत्यूनंतर गटाने ९० मीटर ही हवेवरील बुडीची अंतिम मर्यादा ठरवली, सामान्य शिकाऊ माणसासाठी ४० मीटर आणि जाणत्यांच्या हलक्या कामासाठी साधारण साठ-पासष्ट मीटर असे टप्पेही आखले. त्यातील ४० मीटरचा आकडा आजच्या हौशी बुडीच्या नियमांत जवळजवळ जसाच्या तसा आहे. ९० मीटर मात्र अजूनही फारच सैल होते. खुद्द फ्रान्समध्ये आता हौशी बुडीला हवेवर ६० मीटरची कायदेशीर मर्यादा आहे.

तरीही विक्रमांची ओढ थांबली नाही. १९६८ मध्ये बहामाजमध्ये नील वॉटसन आणि जॉन ग्रूनर हवेवर १३३ मीटरपर्यंत जाऊन परतले. तळाशी काय घडले याची आपल्याला काहीही आठवण नाही, असे वॉटसन यांनी नंतर सांगितले. हा विक्रम मानला गेला, पण त्यात माणसाचा सहभाग किती होता आणि योगायोगाचा किती, हे त्यांच्या कबुलीवरूनच वाचकाने ठरवावे. १९७१ मध्ये अँड्रॉस बेटाजवळ आर्ची फोरफार आणि अ‍ॅन गंडरसन यांनी १४६ मीटरचा प्रयत्न केला आणि दोघेही परतले नाहीत. त्यांचे तिसरे सहकारी जिम लॉकवूड सुमारे १२० मीटरवरच बेशुद्ध झाले. शुद्ध हरपताच हातून सुटेल असे वजन त्यांनी घेतले होते, ते सुटले, लॉकवूड आपोआप वर येऊ लागले आणि वाटेत सुरक्षेसाठी थांबलेल्या पाणबुड्याने त्यांना पकडले, म्हणून ते वाचले. खोली तीच, फार्ग यांची. फरक एवढाच की लॉकवूड यांच्या बचावाची युक्ती इशाऱ्यावर अवलंबून नव्हती. शुद्ध जाणे हाच तिचा इशारा होता. या संपूर्ण इतिहासात मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली तांत्रिक योजना हीच आहे, आणि तरीही ती तिघांपैकी एकालाच वाचवू शकली.

याच्या उलट बाजूचा पुरावा म्हणून ब्रेट गिलियम यांचे उदाहरण दिले जाते. १९९० मध्ये होंडुरासच्या रोआतान बेटाजवळ ते हवेवर १३८ मीटरपर्यंत गेले आणि सहकाऱ्यांनी आधी पाटीवर लिहून ठेवलेली सोपी गणिते त्यांनी खाली सोडवून दाखवली. टप्प्याटप्प्याने खोली वाढवत नेली तर शरीर सरावते, या मताला त्यांच्यामुळे बळ मिळाले. सरावाने माणसाला बरे वाटते आणि ओळखीचे काम हातून नीट होते, हे खरे आहे. पण विचार करण्याची मूळ क्षमता सरावाने परत येते असे चाचण्यांमधून दिसलेले नाही. शिवाय गणित सुटले याचा अर्थ त्या दिवशी नायट्रोजन आटोक्यात होता, इतकाच. डोनाल्ड यांच्या चाचण्यांतील ७ आणि १४८ मिनिटांचा फरक लक्षात घेता ऑक्सिजनविषयी त्या पाटीतून काहीच कळत नाही. १९९४ मध्ये डॅन मॅनियन यांनी १५५ मीटरचा दावा केल्यानंतर अपघातांचे प्रमाण पाहून गिनेसने हवेवरील खोलीचे विक्रम छापणेच बंद केले.

हेलियम तेव्हाही होता

या प्रकरणातील मला सर्वांत बोचणारी बाब कालक्रमाची आहे. १ डिसेंबर १९३७ रोजी, म्हणजे फार्ग यांच्या बुडीच्या दहा वर्षे आधी, मॅक्स नोल यांनी अमेरिकेतील मिशिगन सरोवरात हेलियम आणि ऑक्सिजनचे मिश्रण घेऊन सुमारे १२८ मीटरची बुडी घेतली आणि ते सुखरूप वर आले. १९३९ मध्ये ‘स्क्वालस’ ही अमेरिकी पाणबुडी सुमारे ७४ मीटरवर बुडाली, तेव्हा ती वर काढण्याच्या कामात हवेवर उतरलेले पाणबुडे गुंगीने गोंधळून जात, म्हणून हेलियमचे मिश्रण वापरले गेले आणि काम मार्गी लागले. म्हणजे १९४७ मध्ये १२० मीटरवर सुरक्षितपणे जाण्याचा मार्ग ज्ञात होता. तो तुलाँपर्यंत पोहोचलेला नव्हता, कारण हेलियम मुख्यतः अमेरिकेतील नैसर्गिक वायूच्या विहिरींतून निघत असे, त्याच्या निर्यातीवर तेथील सरकारचे नियंत्रण होते आणि युद्धातून नुकत्याच सावरणाऱ्या फ्रान्समध्ये तो सहज मिळण्याजोगा नव्हता. कुस्तो यांच्या गटाला हलक्या वायूंची कल्पना होती. हातात होती ती मात्र हवा, आणि हवेनेच किती खोल जाता येते हा प्रश्न त्यामुळे संशोधनाचा विषय बनला.

आज कोणाला हे कारण उपलब्ध नाही. मालवण-तारकर्लीच्या खडकांवर किंवा गोव्यात ग्रँड आयलंडजवळ होणाऱ्या बुड्या उथळ पाण्यातल्या असतात आणि तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. पण तेथे गोडी लागलेले, पुढे अंदमानात प्रमाणपत्र घेतलेले अनेक मराठी हौशी डायव्हर आता इजिप्तपर्यंत जातात. लाल समुद्राकाठच्या दाहाब येथील ब्लू होलमध्ये सुमारे ५५ मीटरवर खडकाची कमान आहे, तिच्याखालून बाहेरच्या समुद्रात जाता येते आणि काठावरच्या कड्यावर तेथे मरण पावलेल्यांच्या स्मृतिपाट्या लावलेल्या आहेत. एका सिलिंडरवर, हवा घेऊन ही कमान ओलांडण्याचा बेत कोणी मांडला तर त्याच्यासमोर फक्त आकडे ठेवावेत. तेथे दाब साडेसहा बार असतो, वायूची घनता लिटरला आठ ग्रॅमच्या वर जाते आणि ऑक्सिजनचा आंशिक दाब १.४ बार या कामकाजाच्या मर्यादेला टेकतो. १२ लिटरचे सिलिंडर २०० बारने भरले तर त्यात सुमारे २,४०० लिटर हवा मावते; वर मिनिटाला २० लिटर श्वास घेणारा माणूस त्या खोलीवर १३० लिटर संपवतो, म्हणजे उतरण्याचा, चढण्याचा, थांब्यांचा आणि जोडीदारासाठी राखायचा वाटा मुळीच न धरता जेमतेम अठरा मिनिटे. घाबरून श्वास दुप्पट झाला तर नऊ. कमान वाटते त्याहून खूप लांब असते आणि पलीकडचा निळा प्रकाश खोली जाणवू देत नाही. द्यूमा यांना तर ६२ मीटर तीस मीटर वाटले होते.

१२० मीटरवर आज उतरायचे असेल, तर पृष्ठभागावर आखला जाणारा बेत कसा असतो, हे सांगून हा अभ्यास पूर्ण करतो. ऑक्सिजनचे प्रमाण १० टक्क्यांवर आणले म्हणजे त्याचा आंशिक दाब १.३ बार राहतो. हेलियम ७० टक्के ठेवला तरी घनता ६.७ ग्रॅम भरते, म्हणून तो ७५ टक्क्यांवर न्यावा लागतो. मग नायट्रोजन १५ टक्के उरतो, घनता सुमारे ६ ग्रॅमवर येते आणि गुंगी हवेवरच्या पंधरा मीटरच्या बुडीइतकी, म्हणजे जवळजवळ नगण्य होते. परंतु १० टक्के ऑक्सिजनचे हे मिश्रण पृष्ठभागावर श्वासात घेतले तर माणूस बेशुद्ध पडू शकतो, म्हणून उतरताना वेगळा वायू लागतो आणि चढताना आणखी दोन-तीन. प्रत्येक सिलिंडरमधील वायू वापरण्यापूर्वी स्वतः तपासून त्याची कमाल खोली त्यावर ठळक अक्षरांत लिहावी लागते, कारण चुकीच्या खोलीवर चुकीचे माउथपीस तोंडात गेले तर ऑक्सिजनचा तोच झटका हेलियम असूनही येतो. तळाशी काढलेल्या मोजक्या मिनिटांसाठी वर येताना काही तास थांबत यावे लागते, ठरलेल्या खोल्यांवर साथीदार वायू घेऊन वाट पाहत असतात आणि कोणताही एक वायू वाया गेला तरी परतता येईल इतका साठा दुसऱ्या सिलिंडरांत ठेवलेला असतो. एवढे सगळे जुळवणे शक्य नसेल, तर बेताच्या कागदावरची खोली कमी करतात.